ढमीला ओट्यावरून उतरवणे

४ फेब्रुवारी, मंगळवार

प्रयोगशाळेत तक्रार आली की पहिल्या दिवसापासून नोंद ठेवायची, ही माझी सवय. पाणी गढूळ येतं म्हणून एखादी वस्ती ओरडते आणि महिन्याभराने ज्याला त्याला वेगळंच आठवायला लागतं. म्हणून घरातल्या तक्रारीचीही आजपासून नोंद ठेवतो.

तक्रार अशी. आज लवकर घरी आलो तर ढमी स्वयंपाकघरात ओट्यावर होती. शेगडीच्या बाजूला चारी पाय रोवून उभी आणि अंड्याची कढई चाटत होती. सासूबाई शेजारीच होत्या. त्यांनी तिला हाकललं नाही. मला बघून दोघी एकदमच दचकल्या. ढमी उडी मारून बाहेर पळाली आणि सासूबाई फडकं घेऊन ओटा पुसायला लागल्या.

मी म्हणालो, "आई, हे काय?"

"काही नाही हो. चुकून चढली."

"चुकून? ओटा केवढा उंच आहे."

"मग मुद्दाम चढली असेल. विचारा तिलाच."

ढमी माझ्या बायकोची कुत्री. बायकोला जाऊन महिना होत आला. रक्तात जंतुसंसर्ग झाला, ताप आला आणि आठवडा संपायच्या आत सगळं संपलं. जंतूचं नाव डॉक्टरांनी सांगितलं. तो आला कुठून, ते त्यांना सांगता आलं नाही. शहराच्या पाण्यातले जंतू शोधणं हे माझं काम. नमुना बघून कुठल्या भागात नळ फुटला असेल तेही मी सांगू शकतो. घरातलं मात्र मला सांगता आलं नाही.

संध्याकाळी मेव्हण्याचा फोन आला. त्याला ओट्याचं सांगितलं. तो म्हणाला, "भाऊजी, देऊन टाका की तिला. शहराबाहेर कुत्र्यांचा निवारा आहे, मी बोलतो." फोनचा आवाज मोठा होता. सासूबाई आतून म्हणाल्या, "मग माझीही बॅग भरा. दोघींना एकाच गाडीत घाला, म्हणजे तुम्हाला दोन खेपा नकोत."

मला दोघी घरात हव्या आहेत. बायकोचं म्हणून घरात एवढंच उरलं आहे. पण जिथे अन्न शिजतं तिथे जनावराचे पाय चालणार नाहीत. तेव्हा ढमीची सवय मोडायची. दुसरा उपाय दिसत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

प्रयोगशाळेतून निर्जंतुक काड्या आणल्या. ओट्याची कड, शेगडीची बाजू, ओटा पुसायचं फडकं आणि ढमीचे पंजे यांचे नमुने घेतले. ढमी पंजा देत नव्हती. तोंड दाबून धरावं लागलं.

मग सासूबाईंना हात पुढे करायला सांगितला.

"भविष्य बघता की काय?"

"नमुना घेतोय."

"घ्या. आयुष्याची रेघ कुठे थांबते तेही बघून ठेवा जावईबापू, म्हणजे तुम्हाला रजा टाकायला बरं."

मी हसलो नाही. त्यांचा हात गार होता.

१० फेब्रुवारी, सोमवार

नमुन्यांतले जंतू वाढवायच्या काचेच्या प्लेटा तयार झाल्या. ढमीच्या पंजांवर मातीतले नेहमीचेच जंतू निघाले. ओट्यावर थोडे. सासूबाईंचा हात जवळजवळ कोरा. सगळ्यात भरगच्च प्लेट फडक्याची. डॉक्टरांनी सांगितलेला जंतू कुठेच नाही.

आमच्याकडे एक जण सारखा हात धूत असतो, त्याला सगळे साबण्या म्हणतात. तो मागे येऊन उभा राहिला.

"कुठली वस्ती रे ही? जत्रा भरलीय नुसती."

"घरचं फडकं आहे."

तो प्लेटवर वाकला. मग हळू आवाजात म्हणाला, "वहिनींचं शोधतोयस का?"

मी प्लेटवर झाकण ठेवलं.

"अरे, तो जंतू कुणाच्याही हातावर निघतो. माझ्या, तुझ्या. आपण तर दिवसभर गटाराच्या बाटल्या उघडतो. तुझ्या हाताची प्लेट कुठाय?"

"प्लेटा संपल्या होत्या."

"कपाट भरलंय की."

मी त्याला म्हणालो, तुझं टेबल बघ.

नमुना उशिरा घेतला गेला. महिन्याने जंतू सापडला नाही याचा अर्थ तेव्हा नव्हता असा होत नाही. एवढंच इथे लिहून ठेवतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

चहाच्या वेळी सासूबाईंनी विचारलं, "काय निघालं हो त्या काड्यांमधून?"

"ओट्याचा अहवाल चांगला नाही," मी म्हणालो. हे खोटं नाही. फडकं ओट्यावरच असतं.

"म्हणजे ढमीमुळे?"

"तसंच दिसतंय."

त्या उभ्या होत्या, त्यांनी खुर्ची ओढून घेतली. बराच वेळ कपाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या पोरीला..."  मी ते खोडून काढलं नाही. धाक बसला तर आपोआप थांबेल असं वाटलं.

नंतर त्या मोरीत गरम पाण्याने हात धूत होत्या. खूप वेळ नळ चालू होता. बाहेर आल्या तेव्हा हात मनगटापर्यंत लाल झाले होते.

नवीन फडकं आणलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तीन-चार दिवस ओटा कोरडा होता. आज त्यावर ढमीचे केस सापडले.

"आई, अहवाल ऐकूनही?"

"मी कुठे चढवते? तीच चढते. आणि मला काही झालं तर झालं. आता राहिलंय काय? तुमचं ताट मी तिकडे टेबलावर मांडते, तिथे कुणी चढत नाही."

ओट्याच्या कडेने रुंद चिकटपट्टी उलटी लावली, चिकट बाजू वर. कुठेतरी वाचलं होतं की कुत्र्याच्या पायांना चिकट लागलं की ते परत त्या जागी जात नाही. दुपारी आतून ओरडणं ऐकू आलं. ढमीच्या पोटाचे केस पट्टीला चिकटले होते आणि ती मागच्या पायांवर अडकून उभी होती. कापून सोडवावी लागली. पोटाला एक टक्कल पडलं आहे.

सासूबाईंची बाहीही चिकटली. त्या म्हणाल्या, "माश्या मारायचा कागद लावलाय की माणसं धरायचा?"

ओट्याशेजारी एक बुटकं स्टूल असतं. ढमी त्यावरून चढते, म्हणून स्टूल माळ्यावर टाकलं. सासूबाईंनी ते दोनदा मागितलं. कशाला हवं, विचारलं तर म्हणाल्या, "राहू दे."

१९ फेब्रुवारी, बुधवार

स्टूल नसतानाही चढते. खुर्चीवरून चढत असावी, पण खुर्ची तिथे कोण ओढतं ते कळत नाही.

रिकाम्या डब्यांत खिळे भरून ओट्याच्या कडेला मनोरा रचला आणि मी हॉलमध्ये बसलो. मनोरा पडला. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा झाला. ढमी पलंगाखाली गेली. सासूबाई स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, हात छातीवर. ओठ पांढरे पडले होते. पाणी दिलं.

"सांगायचं तरी होतं," त्या म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर तुम्ही डबे काढले असते."

"हो, काढले असते."

एक निरीक्षण: मी स्वयंपाकघरात एकटा असताना ढमी कधीच चढत नाही. दाराशीच उभी राहते. ओट्यावर मांस ठेवून पाहिलं, तरी नाही. मला घाबरते आहे. ही चांगली खूण आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

कुत्री शिकवणारा एक माणूस बोलावला. त्याच्या पँटच्या सगळ्या खिशांत बिस्किटं. आल्या आल्या जमिनीवर मांडी घालून बसला आणि ढमी त्याच्या मांडीत जाऊन बसली. माझ्या मांडीत ती आजवर बसलेली नाही.

"कुत्रं उगाच वर चढत नाही, साहेब. वर त्याला काहीतरी मिळतं. काय मिळतं ते आधी शोधा."

"अंडं मिळतं."

"अंडं तर खालीही मिळेल. खाली चटई टाका, चटईवर बसली की तिथेच द्या. महिना-दीड महिना लागेल, पण सुटेल."

मी त्याला पट्ट्याचं विचारलं. गळ्यात पट्टा असतो, आपल्या हातात रिमोट, बटण दाबलं की विजेचा झटका बसतो.

"मी वापरत नाही."

"का?"

"बटण कधी दाबलं जातं त्यावर सगळं आहे. झटका कुठून आला हे त्याला कळत नाही ना. त्या क्षणाला जे समोर असेल त्यानेच मारलं, असं त्याच्या डोक्यात बसतं. मग ते जन्मभर निघत नाही."

म्हणजे ओटा समोर असताना बटण दाबलं तर ओट्यानेच मारलं असं तिला वाटेल. हेच तर हवं आहे. माणूस स्वभावाने चांगला आहे, पण दीड महिना ओट्यावर कुत्र्याचे पाय चालवून घ्यायला मी तयार नाही.

तो जाताना सासूबाईंनी त्याला चहा घ्यायचा आग्रह केला. दारात त्याला काहीतरी सांगत होत्या. मी गेल्यावर थांबल्या.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पट्टा आला. खोक्यावर हसऱ्या कुत्र्याचं चित्र आहे. आधी स्वतःच्या मनगटावर लावून सगळ्यात खालच्या पातळीवर दाबून पाहिलं. मुंगी चावल्यासारखं वाटलं. वरच्या पातळ्या पाहिल्या नाहीत.

"हे काय आणलंत नवीन?" सासूबाईंनी विचारलं.

"पिसवांचा पट्टा."

"बरं झालं. परवापासून खाजवत होती बिचारी."

त्यांनीच तिचं डोकं धरलं आणि मी पट्टा बांधला. मी हात लावला की ती मान फिरवते, त्यांनी धरली की स्थिर राहते.

१ मार्च, शनिवार

पहिला प्रयोग. प्रयोगशाळेत जातो असं सांगून निघालो, अर्ध्या तासाने किल्लीने दार उघडून परत आलो. चपला बाहेरच काढल्या. घरातल्या बोळात, स्वयंपाकघराच्या दाराच्या आड उभा राहिलो. तिथून ओटा सगळा दिसतो.

सासूबाईंनी खुर्ची ओट्याजवळ ओढली. म्हणजे त्याच ओढतात. मग बोटांनी ओट्यावर टकटक केलं. ढमी कुठूनतरी धावत आली, खुर्चीवर, खुर्चीवरून ओट्यावर. तिथे ती बसली, अगदी शहाण्यासारखी, पाय जुळवून. सासूबाईंनी वाटीतलं अंडं कुस्करून तळहातावर घेतलं आणि दुसरा हात तिच्या डोक्यावर ठेवला. "आलीस का गं? आलीस का माझी बाय?" असं काहीतरी चाललं होतं.

मी दाबलं.

ढमी ओरडली आणि जागच्या जागी उडाली. वाटी फुटली. सासूबाई तिला कवेत घ्यायला गेल्या, "काय झालं गं? कुठे दुखलं?" मी परत दाबलं. ती त्यांच्या हातांतून निसटून खाली पडली आणि मोरीत जाऊन कोपऱ्यात बसली.

मी आवाज न करता बाहेर गेलो आणि थोड्या वेळाने नेहमीसारखा आलो. सासूबाई मोरीच्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "हिच्या पायात काचबिच गेलीय का बघा हो. मला खाली वाकून बघता येत नाही." मी पंजे तपासले. काच नव्हती.

पट्टा नीट चालतो.

५ मार्च, बुधवार

दोन दिवस रजा टाकली. घरी सांगितलं नाही.

पातळी वाढवली. काल ढमी एकदाच चढली. आज टकटक ऐकून दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. शेपूट पोटाखाली. सासूबाई बोलावत होत्या, लाडाने, मग रागावून, मग परत लाडाने. शेवटी एक पाय आत टाकला. तेवढ्यावर दाबायचं की नाही याचा मी विचार केला. पण नियम पक्का बसवायचा तर सुरुवातीलाच ढिलाई नको. दाबलं.

जेवताना सासूबाई म्हणाल्या, "तिला डॉक्टरकडे न्या. काहीतरी आतून दुखतंय. मी हात लावला की ओरडते."

"वय झालं तिचं."

"माझंही झालंय, मी ओरडते का?"

८ मार्च, शनिवार

आज त्या आपण होऊन बोलल्या. मी विचारलं नव्हतं.

"तुमच्यापासून लपवलं ते चुकलंच. माझी पोरच म्हणायची, ह्यांना नको सांगायला, ह्यांचं डोकं फिरेल. माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं ना, तेव्हापासून मला वाकता येत नाही. ढमी पायांशी घोटाळायची आणि मी नुसती वरून बघायची. हात पोचायचाच नाही. एक दिवस रडूच आलं मला, वेड्यासारखं, कुत्र्यासाठी. तर ती म्हणाली, आई, तू खाली जाऊ नकोस, तिलाच वर आणू. स्टूल आणलं. ओट्यावर टकटक करायचं, चढली की अंडं द्यायचं. आठ दिवसांत शिकली. मग रोज संध्याकाळी आम्ही तिघी. मी खुर्चीत, ती अशी इथे टेकून उभी, आणि ही मधे. दिवसभरात काय झालं ते एकमेकींना सांगायचो. तुमची गाडी वाजली की ती घाईघाईने ओटा पुसायची. आणि इतकी हसायची."

मी म्हणालो, "मला कुणी सांगितलं नाही."

"तेच तर सांगतेय आता."

सासूबाईंच्या ऑपरेशनच्या वेळचं बायकोचं वागणं आठवून पाहिलं. दोन वर्षं झाली त्याला. दोन वर्षं मी संध्याकाळी घरी आलो की ओटा ओलसर असायचा आणि मला वाटायचं, किती स्वच्छ राहते ही. मी विचारायचो, दिवस कसा गेला. ती म्हणायची, नेहमीसारखा.

सासूबाई म्हणाल्या, "आता तुम्हाला सगळं ठाऊक झालंय, तर ते स्टूल तेवढं काढून द्या. खुर्चीवरून तिला उंच पडतं, म्हणून येत नसेल."

मी म्हणालो, बघतो.

खरं म्हणजे थांबता आलं असतं. पण सुरू केलेली तपासणी अर्धवट सोडली की आधीचंही सगळं वाया जातं. आणि कारण काहीही असो, ओटा तो ओटाच. संध्याकाळी बोळात उभा राहिलो. त्यांनी टकटक केलं. ढमी आली नाही. दाबावं लागलं नाही. तरीही थोडा वेळ तिथेच उभा होतो. त्या ओट्याशी एकट्याच बोलत होत्या, दिवसभरात काय झालं ते.

१३ मार्च, गुरुवार

कामावरून आलो तर सासूबाई स्वयंपाकघरात फरशीवर बसलेल्या. पाय समोर सरळ, पाठ ओट्याला. तळहातावर अंडं, वाळून गेलेलं.

"कधीपासून बसलात?"

"ऊन तिकडे होतं तेव्हापासून." त्यांनी खिडकीकडे मान केली. ऊन केव्हाच गेलं होतं.

"पडलात?"

"पडेन कशाला? बसले. म्हटलं ती वर येत नाही तर आपण खाली जाऊ. खुर्ची धरून धरून बसले कशीबशी. हाका मारल्या. आली नाही. मग उठता येईना."

ढमी सगळ्यात आतल्या खोलीत, पडद्यामागे होती. पट्टा गळ्यात होता, पण मी घरी नव्हतो, बटण दाबणारं कुणी नव्हतं. तरी आली नाही. म्हणजे सवय खरोखर मोडली आहे.

सासूबाईंना काखेत हात घालून उठवलं. फार हलक्या झाल्या आहेत. उभं राहिल्यावर त्यांनी माझा दंड सोडला नाही. म्हणाल्या, "तुम्ही पाहिलंत का हो मला तिला कधी मारताना?"

"नाही."

"रागाच्या भरात? मला आठवत नसेल. म्हातारपणात विसरायला होतं. तुम्हाला आठवतं का?"

"नाही, आई."

"मग मला का घाबरते?"

मी म्हणालो, जनावराचं काही सांगता येत नाही.

१६ मार्च, रविवार

मेव्हणा आला. आल्या आल्या ओट्यावरून बोट फिरवून बघितलं आणि म्हणाला, "वा भाऊजी! दवाखाना केलात की. कुत्री सुधारली म्हणे?"

"हो."

"कसं काय जमवलंत?"

"नियमितपणा," मी म्हणालो.

"ताई असती तर तिने तुम्हाला हे करू दिलं नसतं. फार डोक्यावर बसवलं होतं तिने हिला." तो हसला, मग डोळे पुसले. बहिणीवर त्याचा जीव होता.

सासूबाई आतून कपड्यांची पिशवी घेऊन आल्या. "चल. मी तुझ्याकडे येते."

"आई, असं एकदम?" मी म्हणालो. "ढमी राहते आहे ना. तुम्हीच म्हणाला होतात, ती राहिली तर तुम्ही राहाल."

"राहिले असते हो. पण ती माझ्यासमोर येत नाही. मी हॉलमध्ये गेले की ती खोलीत. मी खोलीत गेले की ती मोरीत. तिचं घर आहे हे, तिने का मोरीत राहायचं? मी जाते, म्हणजे ती मोकळी फिरेल."

मेव्हणा म्हणाला, "आई, कुत्र्यासाठी घर सोडतेस?"

"तुला नाही कळायचं. तिच्या अंगाला माझ्या पोरीचा हात लागलेला आहे. तीच जर माझा हात लागला की कळवळते, तर मी इथे कशाला बसू?"

त्याला गाडीची सोय करायची होती. पुढच्या रविवारी न्यायचं ठरलं.

आठवडाभर मला सांगता येईल. पट्टा काढला, स्टूल खाली आणलं, तर ढमी कदाचित परत शिकेल. तो बिस्किटवाला माणूस परत बोलावता येईल. पण मग पट्ट्याचं सांगावं लागेल, आणि पिसवांचं, आणि फडक्याचंही. एक सांगितलं की सगळंच सांगावं लागतं.

२३ मार्च, रविवार

गेल्या.

निघायच्या आधी त्या स्वयंपाकघरात गेल्या. मी आणि मेव्हणा बोळात बॅगा घेऊन उभे होतो. त्यांनी खुर्ची ओढली, ओट्याला टेकवली, आणि टकटक केलं. दोनदाच. बोलावलं नाही, नाव घेतलं नाही.

ढमी बोळाच्या टोकाला होती. आवाज ऐकल्याबरोबर खाली बसली, पोट जमिनीला लावलं. तिच्या खालून पाणी पसरत आमच्या पायांपर्यंत आलं.

"अरेरे, काय हे," मेव्हणा बाजूला सरकला. "भाऊजी, फडकं द्या."

सासूबाई दारात आल्या. त्यांनी ते पाणी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग स्वतःच्या हाताकडे बघितलं, उलटा करून, सुलटा करून. मला वाटलं आता रडतील. त्या म्हणाल्या, "नका तिला ओरडू. मी चालले."

रिमोट माझ्या खिशात होता. सवयीने घेतला होता, आज त्याची गरज नव्हती. मी "आई" म्हणून हाक मारली. त्या वळल्या. खाली गाडीचा हॉर्न वाजला. मी म्हणालो, "गोळ्यांची पिशवी घेतलीत ना?"

"घेतली."

मेव्हण्याने त्यांना धरून जिना उतरवला. मी बोळ पुसून काढला.

२४ मार्च, सोमवार

ढमीचा पट्टा काढला. गळ्याखाली दोन ठिकाणी केस गेले आहेत आणि आत कच्चं झालं आहे. मलम लावलं. मलम लावू दिलं, हलली नाही. पूर्वी माझ्या हातात थांबायची नाही, आता थांबते. श्वासही हळू घेते.

खायला जमिनीवर ठेवलं तर मी खोलीबाहेर गेल्याशिवाय तोंड लावत नाही. अंडं अजिबात खात नाही.

साबण्याने विचारलं, "काय रे, कुत्र्याचं काय झालं शेवटी?" मी म्हणालो, उतरली.

२८ मार्च, शुक्रवार

आज लवकर घरी आलो. करण्यासारखं काही नव्हतं. माळ्यावरून स्टूल काढलं, पुसलं, ओट्याशेजारी ठेवलं. एक अंडं उकडून कुस्करलं. मग ओट्यावर टकटक केलं.

ढमी आली. मला वाटलं नव्हतं येईल असं. हळूहळू आली, स्टूलापाशी नाही, माझ्या पायांपाशी. तिथे आडवी झाली, मान लांब केली, डोळे घट्ट मिटले आणि तशीच राहिली. मी वाटी तिच्या नाकापाशी नेली तर थरथरली, पण उठली नाही. मी वाटी ठेवून बाहेर आलो. बऱ्याच वेळाने जाऊन पाहिलं, तशीच पडून होती. मी जा म्हणेपर्यंत उठली नाही.

३० मार्च, रविवार

मेव्हण्याचा फोन आला, मग त्याने आईंना दिला. आवाज बारीक झाला आहे. गुडघे कसे आहेत विचारलं. जागच्या जागी आहेत म्हणाल्या.

"ढमी कशी आहे?"

"बरी आहे."

"घरभर फिरते ना आता?"

ती मोरीत होती. मी म्हणालो, "हो, फिरते."

"खाते का नीट?"

"खाते."

 मागे कुणीतरी भांडी घासत होतं. मग हळूच विचारलं, "ओट्यावर चढते का हो?"

चढते म्हणता आलं असतं. त्या तिथे, ढमी इथे, कुणी बघायला येणार नव्हतं. मी म्हणालो, "नाही. एकदाही नाही."

"म्हणजे माझ्याच लाडाने बिघडली होती ती. मी गेले आणि सुधारली. हो ना?"

मी हो म्हणालो.

"बरं झालं मग, मी आले ते," त्या म्हणाल्या. "तुम्ही जेवून घ्या."